सिंहासन नसलेला दरबार

१ ऑगस्ट १८८६ रोजी बव्हेरियातल्या नॉइश्वानस्टाइनच्या दरवाजाशी तिकिटं फाडायला सुरुवात झाली. हा गड बांधणारा राजा लुडविग दुसरा जाऊन जेमतेम सात आठवडे झाले होते. बांधकाम अर्धवट होतं, वरच्या चौकातला मुख्य बुरूज पायाच्या वर आलाच नव्हता, दरबार दालनात सिंहासन यायचं राहून गेलं होतं. पण सावकार थांबायला तयार नव्हते. ज्या माणसाला आपल्या वाड्यात परक्याचं पाऊल पडलेलं खपत नसे, त्याच्या शयनगृहात आता पैसे भरून कुणालाही डोकावता येऊ लागलं.

आज इथे वर्षाला साधारण चौदा लाख लोक येतात. उन्हाळ्यात दिवसाला सहा हजारांपर्यंत. आत गाइडबरोबर अर्ध्या तासाचा फेरा, फोटो काढायला मनाई, आणि बाहेर पडताना बहुतेकांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झालेली असते: एक वेडा राजा होता, त्याने परीकथेतले महाल बांधले आणि राज्याची तिजोरी रिकामी केली. यातला तिजोरीचा भाग तर सरळसरळ खोटा आहे. वेडाच्या भागावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. आणि परीकथा म्हणावी, तर तिची सुरुवात एका अतिशय रोकड्या राजकीय पराभवातून होते.

लुडविगचा जन्म २५ ऑगस्ट १८४५ चा, म्युनिकजवळच्या निम्फेनबर्ग राजवाड्यातला. बालपणाचे बरेच महिने मात्र आल्प्सच्या पायथ्याशी, होहेनश्वानगाऊच्या वाड्यात गेले. वडिलांनी, म्हणजे मॅक्सिमिलियन दुसरा यांनी, एका पडक्या गढीची डागडुजी करून तो वाडा उभा केला होता आणि त्याच्या भिंतींवर जुन्या जर्मन सरदारांच्या आख्यायिका रंगवून घेतल्या होत्या. हंसाने ओढलेल्या नावेतून येणारा लोहेनग्रिन त्या भिंतींवर होता. पंधराव्या वर्षी लुडविगने रिचर्ड वाग्नरचा ‘लोहेनग्रिन’ हा ऑपेरा पाहिला आणि भिंतीवरची चित्रं गाऊ लागली. त्या धक्क्यातून तो शेवटपर्यंत सावरला नाही.

१० मार्च १८६४ रोजी वडील वारले. अठरा वर्षांचा, सहा फुटांहून उंच, देखणा मुलगा गादीवर बसला. राज्यकारभाराचं शिक्षण फारसं झालेलं नव्हतं. गादीवर आल्यावर काही आठवड्यांतच त्याने आपल्या सचिवाला वाग्नरच्या शोधात धाडलं. वाग्नर तेव्हा सावकारांना चुकवत गावोगाव हिंडत होता. तो स्टुटगार्टमध्ये सापडला. ४ मे रोजी दोघांची भेट झाली, राजाने त्याची देणी भागवली आणि पुढच्याच वर्षी, १० जून १८६५ ला, ‘ट्रिस्टान आणि इझोल्ड’ म्युनिकच्या रंगभूमीवर आला. पण या संगीतकाराची उधळपट्टी आणि राजकारणातली लुडबुड म्युनिककरांना मानवली नाही. डिसेंबरमध्ये राजाला त्याला शहराबाहेर पाठवावं लागलं. आपण राजा असलो तरी आपल्या आवडीचा माणूस राजधानीत ठेवू शकत नाही, हा धडा विशीतल्या लुडविगला मिळाला.

पुढच्याच वर्षी त्याहून मोठा धडा मिळाला. १८६६ च्या युद्धात बव्हेरिया ऑस्ट्रियाच्या बाजूने उतरला आणि प्रशियाकडून हरला. तीन कोटी गुल्डनची युद्धखंडणी मान्य करावी लागली. त्याहून वाईट म्हणजे करार असा झाला, की पुन्हा युद्ध पेटलं तर बव्हेरियाचं सैन्य प्रशियाच्या राजाच्या हुकमाखाली लढेल. मुकुट डोक्यावर राहिला, तलवार दुसऱ्याच्या हातात गेली. लुडविग आता मांडलिक होता आणि हे त्याला पुरतं कळलं होतं.

वाड्यांचा ध्यास नेमका याच्या पाठोपाठ सुरू होतो. १८६७ मध्ये तो जर्मनीतला वार्टबुर्ग किल्ला पाहून आला, पॅरिसचं जागतिक प्रदर्शन पाहून आला आणि तिथूनच पियरफॉनलाही जाऊन आला. तिथे व्हिओले-ल-ड्युक हा वास्तुकार मध्ययुगीन किल्ला नव्याने उभारत होता. मे १८६८ मध्ये त्याने वाग्नरला पत्र लिहून आपला बेत कळवला: पोलाट नदीच्या घळीजवळचे जुने भग्नावशेष काढून तिथे जुन्या जर्मन सरदारांना शोभेल असा गड बांधायचा. सुरुंग लावून कड्याचा माथा सुमारे आठ मीटर खाली आणला गेला आणि ५ सप्टेंबर १८६९ ला पायाभरणी झाली.

नॉइश्वानस्टाइन हे नाव लुडविगने कधी उच्चारलं नसेल. ते त्याच्या मृत्यूनंतर पडलं. त्याच्या लेखी हा ‘नवा होहेनश्वानगाऊ’ होता.

या गडाची पहिली चित्रं वास्तुकाराने काढलेली नाहीत. ती क्रिस्टियान यांकने काढली, आणि यांक होता म्युनिकच्या राजनाट्यगृहातला नेपथ्यकार. त्याच्या चित्रांवरून एडुआर्ड रीडेल, मग गेओर्ग फॉन डोलमान आणि शेवटी युलियुस होफमान यांनी नकाशे केले. समोरच्या मारी पुलावर उभं राहून पाहिलं की हे लगेच पटतं. बुरूज, मनोरे, सज्जे सगळे पाहणाऱ्याच्या नजरेसाठी रचलेले आहेत, शत्रूसाठी नाहीत. तोफांच्या युगात त्या पांढऱ्या चुनखडीच्या भिंतींचा संरक्षणासाठी काडीचाही उपयोग नव्हता. दगडही वरवरचाच आहे, आतलं काम विटांचं.

मात्र या नेपथ्यामागची यंत्रं अस्सल आणि अगदी ताजी होती. बांधकामाला वाफेची क्रेन होती. दरबार दालनाचं वजन पोलादी सांगाड्यावर तोललं आहे. सगळ्या मजल्यांवर नळाचं पाणी, स्वयंपाकघरात गरम पाणी, गरम हवेने उबदार होणाऱ्या खोल्या, आपोआप पाणी सुटणारे संडास, नोकरांना बोलावायला विजेची घंटा, जेवण वर चढवायला लिफ्ट आणि चक्क टेलिफोन. एकट्या १८७९-८० या काळात ४६५ टन संगमरवर, १,५५० टन वालुकाश्म आणि चार लाख विटा वर चढल्या. घाई असली की तीनशेपर्यंत कामगार राबत, रात्री तेलाच्या दिव्यांत. १८७० पासून कारागिरांची एक मदत संस्था होती. महिन्याला थोडी वर्गणी, तिच्यात राजाची भर, आजारी पडणाऱ्याला पंधरा आठवड्यांपर्यंत भत्ता, कामावर दगावलेल्यांच्या घरच्यांना लहानसं निवृत्तिवेतन. एकोणिसाव्या शतकातल्या मालकांच्या मानाने हे बरंच झालं, आणि त्या डोंगराळ भागातल्या गवंडी-सुतारांना राजा प्रिय का होता, हेही त्यातून उमगतं.

शयनगृहातल्या लाकडी कोरीवकामावर चौदा कारागीर चार वर्षांहून अधिक काळ बसले होते. पलंगावरचं छत गॉथिक चर्चच्या शिखरांचं जंगलच वाटतं. दरबार दालनात बायझंटाइन धाटणीचे खांब, जमिनीवर प्राण्या-वनस्पतींचं मोझेइक, छतातून लोंबणारं ९६ मेणबत्त्यांचं मुकुटाच्या आकाराचं झुंबर, आणि समोर संगमरवरी पायऱ्या चढून गेलं की रिकामी जागा. सिंहासन तिथे यायचं होतं. तिथे पाहुण्यांना भेटण्याचा, फर्मानं काढण्याचा प्रश्नच नव्हता. हे दालन सत्ता चालवण्यासाठी बांधलेलंच नव्हतं. दैवी अधिकाराने राज्य करणारा राजा कसा असावा, याचं ते एका माणसाने स्वतःसाठी मांडलेलं देवघर होतं.

हा माणूस प्रत्यक्षात कसला राजा उरला होता, ते १८७० मध्ये ठरलं. फ्रान्सविरुद्धच्या युद्धात करारानुसार बव्हेरियाचं सैन्य प्रशियाबरोबर लढलं. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याला आता आपल्या राजाला जर्मन सम्राट करायचं होतं आणि ती विनंती दुसऱ्या क्रमांकाच्या राज्याच्या राजाकडून यायला हवी होती. पत्राचा मसुदा बिस्मार्कनेच लिहून पाठवला. लुडविग होहेनश्वानगाऊला दाढदुखीने अंथरुणावर होता. ३० नोव्हेंबरला त्याने तो आपल्या हाताने उतरवून काढला. मोबदल्यात बिस्मार्कच्या गुप्त निधीतून पुढची अनेक वर्षं त्याला पैसे येत राहिले. तो निधी होता हॅनोव्हरच्या राजाकडून जप्त केलेल्या संपत्तीचा. म्हणजे एका बुडालेल्या राजाच्या पैशाने दुसऱ्या बुडत्या राजाचे वाडे चढत होते. १८ जानेवारी १८७१ ला व्हर्सायच्या आरसेमहालात नव्या साम्राज्याची द्वाही फिरली. लुडविग तिकडे फिरकला नाही. धाकटा भाऊ ओटो गेला.

हा आरसेमहाल लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण लुडविगने तो परत बांधला.

१८७३ मध्ये त्याने किमझे सरोवरातलं हेरेनइन्झेल बेट विकत घेतलं. लाकूड व्यापारी तिथलं जंगल तोडायला निघाले होते. १८७८ मध्ये तिथे हेरेनकिमझे राजवाड्याचा पाया घातला गेला. नमुना चौदाव्या लुईच्या व्हर्सायचा. इथला आरसेमहाल ७५ मीटर लांब आहे, मूळच्यापेक्षा किंचित जास्त. दोन्ही टोकांची दालनं धरली तर ९८ मीटर भरतात. व्हर्सायमधला प्रसिद्ध ‘राजदूतांचा जिना’ १७५२ मध्येच पाडला गेला होता. लुडविगने तो चित्रं आणि वर्णनांवरून पुन्हा उभारला. त्यामुळे तो जिना पाहायचा तर आज फ्रान्समध्ये नव्हे, बव्हेरियातल्या या बेटावर जावं लागतं. ज्या लुईपुढे युरोपभरचे सरदार वाकत, त्याच्या शयनगृहाहून भपकेदार शयनगृह इथे आहे, आणि ते झोपण्यासाठी नव्हतंच. ते लुईच्या स्मरणार्थ. सत्तर खोल्यांपैकी जेमतेम वीस पुऱ्या झाल्या आणि लुडविग तिथे राहिला तो १८८५ च्या सप्टेंबरात, दहा दिवसही नाही.

जिवंतपणी पुरा झालेला मोठा राजवाडा एकच: लिंडरहोफ. १८७८ मध्ये तयार झालेला हा वाडा तिघांत सर्वांत लहान आहे. जेवणाच्या खोलीतलं टेबल जमिनीतून खाली स्वयंपाकघरात उतरायचं आणि ताटं वाढून वर यायचं, म्हणजे वाढप्याचं तोंडही पाहायला नको. बागेत १८७७ पर्यंत एक कृत्रिम गुहा उभी राहिली. लोखंडी सांगाड्यावर कापड आणि सिमेंट चढवून केलेले झुंबरासारखे लोंबते दगड, तळं, धबधबा, लाटा उठवणारं यंत्र आणि शिंपल्याच्या आकाराची होडी. ‘टानहॉयझर’ ऑपेरातल्या व्हीनसच्या गुहेचा हा देखावा रंगीत प्रकाशात उजळावा म्हणून १८७८ मध्ये २४ डायनामो बसवले. जगातल्या अगदी सुरुवातीच्या वीजकेंद्रांत त्यांची गणना होते. एका प्रेक्षकाच्या नाटकासाठी वीजकेंद्र! दीर्घ डागडुजीनंतर ही गुहा २०२५ मध्ये पुन्हा खुली झाली.

त्याची कल्पना युरोपातच अडकलेली नव्हती. म्युनिकच्या राजवाड्याच्या छतावर त्याने काचेची बाग केली होती: ताडामाडाची झाडं, होडी फिरेल एवढं तळं आणि मागे पडद्यावर रंगवलेला हिमालय. खाली ओल उतरू लागली. १८९७ मध्ये ती बाग काढून टाकली. शाखेनच्या डोंगरावरच्या लाकडी बंगल्यात, बाहेरून साधासुधा दिसणाऱ्या, वरच्या मजल्यावर एक झगमगता तुर्की दिवाणखाना आहे. तिथे राजा वाढदिवसाला वाचत बसे आणि आजूबाजूला तुर्की पोशाखातले नोकर तंबाखू ओढत, कॉफी पीत बसलेले असत. दिवसा झोपणं आणि रात्री जगणं हा क्रम झाला होता. हिवाळ्याच्या रात्री विजेच्या दिव्याची सोनेरी घसरगाडी बर्फातून धावायची. नाट्यगृहात रिकाम्या खुर्च्यांपुढे फक्त राजासाठी प्रयोग लागत. १८७२ ते १८८५ या काळात असे दोनशेंवर प्रयोग झाले.

खर्च आता मांडूनच टाकावा. नॉइश्वानस्टाइन सुमारे ६२ लाख मार्क, लिंडरहोफ ८५ लाख, हेरेनकिमझे १ कोटी ६६ लाख. हा पैसा सरकारी तिजोरीतला नव्हता. घराण्याला मिळणारा तनखा, बिस्मार्ककडून येणारी गुपचूप रक्कम आणि कर्ज, यावर हे चाललं होतं. १८८४ मध्ये अर्थमंत्र्याने बँकांकडून ७५ लाखांचं कर्ज उभं करून दिलं. वर्षभरात राजा पुन्हा तितकाच बुडाला. एकूण कर्ज १ कोटी ४० लाखांवर गेलं. सावकार कोर्टात जाण्याच्या धमक्या देऊ लागले, आणि राजा मात्र पैसे मिळवायला माणसं देशोदेशी पाठवत होता, शिवाय नव्या किल्ल्यांचे नकाशे मागवत होता. मंत्रिमंडळापुढे दोनच वाटा होत्या: राजाने यांना बडतर्फ करावं किंवा यांनी राजाला.

पंतप्रधान योहान फॉन लुट्झ यांनी दुसरी वाट धरली. मनोविकारतज्ज्ञ बर्नहार्ड फॉन गुडेन आणि आणखी तिघा डॉक्टरांनी ८ जून १८८६ ला अहवाल दिला, की राजा बरा न होणारा वेडा आहे. यासाठी त्यांनी राजाला तपासलं नव्हतं. नोकरचाकरांच्या जबान्या पुरेशा मानल्या गेल्या. धाकटा ओटो आधीपासूनच गुडेनच्या उपचारांखाली होता, त्यामुळे घराण्यात वेड आहे हे सांगणं सोपं होतं.

९ जूनच्या रात्री सरकारी शिष्टमंडळ राजाला ताब्यात घ्यायला होहेनश्वानगाऊला पोचलं. पुढचा प्रसंग फार्सच म्हणावा असा आहे. राजाच्या गाडीवानाने कुणकुण लागताच वर नॉइश्वानस्टाइनला जाऊन राजाला वर्दी दिली. पहाटे शिष्टमंडळ गडाच्या दरवाजाशी आलं तर समोर बंदुका रोखलेले पोलीस, जवळच्या गावातले अग्निशमन दलाचे लोक आणि शेतकरी. त्यातच राजाची भक्त असलेली एक उमरावीण छत्री उगारत त्या बड्या साहेबांवर तुटून पडली. मंत्री-सरदार उलट दरवाजाच्या इमारतीत कैद झाले आणि काही तासांनी सुटका होताच म्युनिककडे पळाले.

या दोन दिवसांत राजाला वाचण्याची संधी होती. सरळ म्युनिकला जाऊन संसदेपुढे आणि लोकांपुढे उभं राहा, असा सल्ला बिस्मार्ककडून आला. विश्वासू काउंट ड्युर्कहाइमनेही तेच विनवलं. लुडविग जागचा हलला नाही. ज्या राजधानीला त्याने वीस वर्षं टाळलं, तिच्यापुढे जाऊन उभं राहणं त्याला मरणाहून अवघड वाटलं असावं. १० जूनला काका लुईटपोल्ड यांना रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा, जाहीर केलं गेलं.

१२ जूनला मध्यरात्रीनंतर गुडेन स्वतः शुश्रूषकांना घेऊन आला. राजा मनोऱ्याची किल्ली मागत होता; तो उडी मारेल अशी नोकरांना धास्ती होती. किल्ली सापडली असं खोटंच सांगून त्याला जिन्याकडे आणलं आणि धरलं. न तपासता तुम्ही मला वेडा कसं ठरवता, असं राजाने विचारलं. कागदपत्रं पुरेशी आहेत, या अर्थाचं उत्तर गुडेनने दिलं. आतून दरवाजा उघडणार नाही अशा बग्गीतून त्याला स्टार्नबर्ग सरोवराकाठच्या बर्ग वाड्यात नेलं. दुसऱ्या दिवशी, १३ जूनला संध्याकाळी, राजा आणि गुडेन दोघेच तळ्याकाठी फिरायला गेले. शुश्रूषकांना गुडेनने मागे ठेवलं. रात्री उशिरा दोघांचीही प्रेतं काठालगतच्या उथळ पाण्यात सापडली. राजा चाळीस वर्षांचा होता. सरकारने आत्महत्या म्हटलं. बव्हेरियात याच्या उलट सांगणारे आजही कमी नाहीत, पण ठोस पुरावा कुणाकडेच नाही.

गादी आता ओटोकडे गेली, आणि तो तर कारभार पाहण्याच्या स्थितीतच नव्हता. एका भावाला वेडा म्हणून उतरवून दुसऱ्या वेड्या भावाला राजा करणारं हे राज्य लुईटपोल्ड यांनी १९१२ पर्यंत चालवलं. त्यांच्या कारभारात राजवाड्यांच्या तिकिटांनी चांगलाच हातभार लावला आणि १८९९ पर्यंत लुडविगचं कर्ज फिटलं. स्वतः लुडविग नॉइश्वानस्टाइनमध्ये एकूण १७२ दिवस राहिला होता. वाग्नर तर १८८३ मध्येच वारला. त्याच्या ऑपेरांची चित्रं भिंतीभिंतीवर असलेल्या या गडात त्याने कधी पाऊलही ठेवलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात या गडाला वेगळंच काम लागलं. नाझींनी फ्रान्समधल्या ज्यू कुटुंबांकडून लुटलेल्या चित्रांचं, दागिन्यांचं, फर्निचरचं हे कोठार झालं, आणि त्या लुटीच्या नोंदी, छायाचित्रं, कार्डंही इथेच होती. मे १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याबरोबर आलेल्या जेम्स रोरिमरने ती ताब्यात घेतली. मूळ मालकांना वस्तू परत करायच्या कामी त्या नोंदींचा मोठा उपयोग झाला. युद्धानंतर दहा वर्षांनी कॅलिफोर्नियात डिस्नीलँडमध्ये उभ्या राहिलेल्या राजकन्येच्या किल्ल्यावर नॉइश्वानस्टाइनची छाप आहे, आणि पुढे जगभरातल्या मुलांना किल्ला म्हणजे असाच असतो असं वाटू लागलं. सह्याद्रीतल्या मुलांचा अपवाद.

सह्याद्रीचा उल्लेख इथे उगाच नाही. २०२५ च्या जुलैत पॅरिसला युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक भरली. ११ जुलैला तिने शिवनेरी, राजगड, रायगड, प्रतापगडापासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंतचे मराठ्यांचे बारा किल्ले वारसा यादीत घेतले. दुसऱ्याच दिवशी, १२ जुलैला, लुडविगचे नॉइश्वानस्टाइन, लिंडरहोफ, शाखेन आणि हेरेनकिमझे त्याच यादीत आले. राज्य उभं करण्यासाठी लढवलेले दुर्ग आणि राज्य हातचं गेल्यावर मनात उभारलेले महाल एका दिवसाच्या अंतराने शेजारी बसले. बव्हेरियात हा निर्णय बिनविरोध झाला नव्हता. नियम वाढतील, घरदुरुस्तीलाही परवानग्या लागतील, या भीतीने श्वानगाऊ गावाने २०२३ मध्ये मतदान घेतलं आणि सुमारे ५६ टक्क्यांनी होकार दिला.

जर्मनीला जाणारे मराठी पर्यटक बहुधा नॉइश्वानस्टाइनपुरतेच थांबतात, कारण टूर कंपन्यांच्या बसेस तिथेच जातात. एकच वाडा निवडायचा असेल, तर खरं म्हणजे हेरेनकिमझे निवडावा. आरसेमहालाच्या झगमगाटातून बाहेर पडून उत्तरेकडच्या जिन्याशी आलं की सोनं, संगमरवर सगळं एकदम संपतं आणि समोर उघड्या विटांची भिंत येते. पैसे संपले त्या दिवशी काम जिथे थांबलं, तिथेच ते आजही आहे. लुडविगबद्दल त्या विटा जेवढं सांगतात तेवढं नॉइश्वानस्टाइनचा एकही मनोरा सांगत नाही. म्युनिकहून प्रीनपर्यंत रेल्वेने जाता येतं. तिथून धक्क्यापर्यंत नेणारी छोटी गाडी १८८७ पासून धावते आहे; राजवाडा पाहायला येणाऱ्यांच्या गर्दीसाठीच ती सुरू झाली होती.